हिशेब तपासायचा तर माणसाशी बोलता आले पाहिजे



कार्यालयात "ऑडिटर आलेत" अशी कुजबुज झाली की वातावरण कसे बदलते, हे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फायलींवरची धूळ झटकली जाते, चहा वेळेआधी येतो आणि एरवी दिवसभर बडबड करणारा माणूसही गप्प होतो. आज आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले-मुली बी.कॉम. होऊन पतपेढ्यांत, बँकांत, कारखान्यांच्या हिशेब खात्यांत कामाला आहेत. कुणी तपासणाऱ्याच्या खुर्चीत बसते, तर कुणी तपासले जाणाऱ्याच्या. आमच्या कॉलेजच्या दिवसांत ऑडिटिंगचा पेपर होता. व्हाउचर कसे तपासावे, बेरजा कशा ताडून पाहाव्यात, हे त्यात शिकवले गेले. परंतु समोर बसलेल्या माणसाला प्रश्न कसा विचारावा, याचा एक धडाही त्यात नव्हता. म्हणून आज त्याविषयी चार गोष्टी लिहीत आहोत.

अंतर्गत लेखापरीक्षक म्हणजे कोण?

बाहेरचा लेखापरीक्षक वर्षअखेरीस हिशेब खरे आहेत की नाहीत, ते सांगतो. अंतर्गत लेखापरीक्षक हा संस्थेने स्वतःच नेमलेला असतो. काम ठरल्याप्रमाणे चालले आहे का, पैसा कुठे गळतो, चूक कुठे होऊ शकते, हे तो वर्षभर पाहतो आणि संचालक मंडळाला किंवा त्यांच्या लेखापरीक्षण समितीला कळवतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक प्रकारच्या कंपन्यांना असा लेखापरीक्षक नेमणे सक्तीचे केले आहे. तो पोलीस नाही आणि न्यायाधीशही नाही. ही एक गोष्ट त्याने लक्षात ठेवली तरी निम्मे काम सोपे होते.

कागद असताना माणसाला विचारायचे कशाला? कारण कागदावर काय व्हायला हवे ते असते, आणि प्रत्यक्षात काय होते ते काम करणाऱ्यालाच माहीत असते. नियम सांगतो की तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असाव्यात. रजिस्टरमध्ये रोज दोन सह्याही असतात. परंतु साहेब दौऱ्यावर गेले की दोन्ही किल्ल्या रोखपालाच्या खिशात असतात, हे रजिस्टर कधी सांगणार नाही. ते रोखपालच सांगेल, आणि तेही नीट विचारले तर.

विचारण्याआधी

प्रश्न विचारायला जाण्यापूर्वी घरचा अभ्यास हवा. मागच्या वर्षीचा अहवाल वाचावा, त्यातील कोणत्या सूचना अमलात आल्या ते पाहावे, या वर्षीचे आकडे डोळ्यांखालून घालावेत. ज्याला काहीच ठाऊक नाही, त्याला समोरचा सहज गुंडाळतो.

वेळही पाहावी लागते. पगाराच्या दिवशी पगार करणाऱ्या कारकुनाला आणि गर्दीच्या तासाला रोखपालाला गाठले, तर उत्तर तुटकच मिळणार. आदल्या दिवशी सांगून, अर्धा-पाऊण तास मागून घ्यावा. शक्यतो त्याच्याच टेबलापाशी बसावे. आपले रजिस्टर, आपला संगणक जवळ असला की माणूस दाखवत-दाखवत बोलतो. साहेबांच्या केबिनमध्ये बोलावले की त्याला चौकशीला बोलावल्यासारखे वाटते. त्याचा वरिष्ठ शेजारी बसलेला नसावा. वरिष्ठ शेजारी असला की उत्तर ऑडिटरला नव्हे, साहेबांना दिले जाते. जमल्यास दोघांनी जावे. एकाने विचारावे आणि दुसऱ्याने लिहून घ्यावे.

आणखी एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. शिपाई असो, वॉचमन असो, झाडूवाली बाई असो, "अहो-जाहो"नेच बोलावे. आम्ही कारकुनीत इतकी वर्षे काढली. एका कार्यालयात आलेले तपासनीस मॅनेजरला "साहेब" म्हणत आणि गोदामाच्या वॉचमनला "ए, इकडे ये" म्हणत. माल खरोखर किती वाजता येतो आणि पावती आधी फाडली जाते की नंतर, हे त्या वॉचमनइतके कुणालाच माहीत नव्हते. त्याने मान हलवली आणि "काय माहीत नाय" म्हणून मोकळा झाला. मान दिला नाही, म्हणून माहितीही मिळाली नाही.

प्रश्न कसा असावा?

"दोन्ही किल्ल्या दोघांकडे असतात ना?" या प्रश्नाला "हो" एवढेच उत्तर येते, कारण उत्तर आपणच प्रश्नात घालून दिलेले असते. त्याऐवजी "काल सकाळी तिजोरी कशी उघडली, पहिल्यापासून सांगा बरे," असे म्हणावे. मग माणूस सांगू लागतो: मी नऊला आलो, साहेब अजून आले नव्हते... खरी हकीकत तिथेच बाहेर येते.

एका वेळी एकच प्रश्न विचारावा. नियमापेक्षा अपवादाबद्दल अधिक विचारावे: साहेब रजेवर असले तर सही कोण करते? वीज गेली तर पावती कशी देता? रोकड दहा रुपयांनी कमी भरली तर काय करता? चूक बहुधा नेहमीच्या दिवशी होत नाही, ती अशा आडवेळेला होते.

"तुम्ही हे का केले नाही?" असे विचारले की माणूस बचावाला उभा राहतो. "हे करताना अडचण कुठे येते?" असे विचारले की तो अडचण सांगतो. अनेकदा ती अडचण खरीच असते. दोन माणसांचे काम एकावर टाकलेले असते आणि तपासणीचा रकाना सही करून नुसता भरलेला असतो. ही गोष्ट अहवालात आली तर त्या कर्मचाऱ्याचेही भले होते.

उत्तर आले की लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. थोडे थांबावे. पुष्कळदा माणूस एक वाक्य बोलून थांबतो आणि आपण गप्प राहिलो तर दुसरे बोलतो, आणि कामाचे ते दुसरेच असते. मग एखादे खरे व्हाउचर काढून, ते कुठून आले, कुणी मंजूर केले, पैसे कुणाच्या हाती गेले, असे शेवटपर्यंत त्याच्यासोबत चालत जावे. उठताना विचारावे, "आम्ही विचारायचे राहून गेले, असे काही आहे का?" या एका प्रश्नाने कधी कधी आधीच्या तासाभरापेक्षा जास्त कळते.

अमेरिकेतील एक घडलेली गोष्ट

नुसत्या उपदेशाने पटत नाही, म्हणून जगाला माहीत असलेले एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील क्लिंटन या गावी वर्ल्डकॉम नावाच्या मोठ्या टेलिफोन कंपनीचे मुख्यालय होते. सिंथिया कूपर या तिथल्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागाच्या प्रमुख होत्या. इतर कंपन्यांच्या तारा वापरण्यासाठी वर्ल्डकॉम भाडे देत असे. हा रोजचा खर्च. परंतु २००१ पासून त्यातील प्रचंड रकमा खर्चात न दाखवता मालमत्तेत दाखवल्या जात होत्या. आपण महिन्याचे घरभाडे भरावे आणि वहीत मात्र "घर विकत घेतले" असे लिहावे, तसाच हा प्रकार. त्यामुळे तोटा झाकला जाऊन कागदावर नफा दिसत होता.

२००२ च्या मे-जूनमध्ये कूपर यांच्या सहकाऱ्यांना संगणकातील नोंदींत या रकमा सापडल्या. कंपनीचे वित्तप्रमुख स्कॉट सुलिव्हन यांनी ही तपासणी पुढे ढकला, असे सांगितले. कूपर यांनी ती पुढे ढकलली नाही. त्या लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांना भेटल्या आणि १७ जून २००२ रोजी आपले सहकारी ग्लिन स्मिथ यांना घेऊन हिशेब खात्यात गेल्या.

तिथे त्या पहिल्यांदा कुणाकडे गेल्या? ज्यांच्या हातून नोंदी झाल्या, त्या बेटी व्हिन्सन या लेखापाल बाईंकडे. प्रश्न साधा होता: या नोंदींचा आधार दाखवा. व्हिन्सन यांनी सांगितले की नोंदी आपण केल्या, परंतु त्यांना आधार देणारा कागद आपल्याकडे नाही. मग दोघे त्यांच्या वरिष्ठाकडे गेले. त्याने पुढच्या वरिष्ठाकडे बोट दाखवले. शेवटी कंट्रोलर डेव्हिड मायर्स यांच्याकडे गेल्यावर, या नोंदींना आधार नाही आणि हिशेबाच्या कोणत्याही नियमात त्या बसत नाहीत, हे त्यांनी कबूल केले. ना आरडाओरड, ना धमकी. आधी कागद गोळा केले, मग खालून वर एकेकाला तोच प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून घेतले. २५ जून २००२ रोजी कंपनीने ३८० कोटी डॉलरचा खर्च चुकीचा दाखवल्याचे जाहीर केले आणि पुढच्याच महिन्यात तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनीचे मुख्य अधिकारी बर्नार्ड एबर्स यांना २००५ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली.

परंतु आमच्या मनाला लागते ती बेटी व्हिन्सन यांची गोष्ट. योजना त्यांची नव्हती, हुकूम वरून आला होता. हे चूक आहे हे त्यांना कळत होते, नोकरी सोडावी असेही त्यांच्या मनात आले होते. पण त्यांच्या पगारावर घर चालत होते, म्हणून त्या राहिल्या आणि नोंदी करीत गेल्या. न्यायालयात त्यांनी गुन्हा कबूल केला. त्यांना पाच महिने तुरुंग आणि पाच महिने घरात स्थानबद्धता भोगावी लागली. "साहेबांनी सांगितले म्हणून केले" एवढ्याने सुटका झाली नाही.

वाचकहो, टेबलापलीकडे बसलेला माणूस पुष्कळदा असाच असतो. तो चोर नसतो. पगारावर घर चालवणारा, घाबरलेला कारकून असतो. त्याला खरे सांगण्याची पहिली चांगली संधी कदाचित ऑडिटरच्या प्रश्नातूनच मिळते. ती संधी आपल्या दरडावण्याने घालवू नये.

विचारून झाल्यावर

ऐकलेले त्याच दिवशी लिहून काढावे. उद्यावर टाकले की त्याचे शब्द जाऊन आपले शब्द येतात. त्याने काय सांगितले, आपण काय पाहिले आणि आपल्याला काय वाटते, या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. मुख्य मुद्दे त्याला वाचून दाखवावेत: "तुम्ही असे म्हणालात, बरोबर ना?" कुणा एकाच्या बोलण्यावर निष्कर्ष काढू नये, कागद किंवा दुसरा माणूस त्याला जुळतो का ते पाहावे.

"तुमचे नाव कुठेच येणार नाही," असे वचन देऊ नये, कारण ते पाळणे नेहमी आपल्या हाती नसते. जेवढे आपल्या हाती आहे तेवढेच सांगावे. मात्र "मला अमक्याने सांगितले" असे दुसऱ्या टेबलावर बोलून कुणाला उघडे पाडू नये. बोलता बोलता अफरातफरीची कबुली निघाली, तर तिथेच फौजदार होऊ नये. जे ऐकले ते लिहावे आणि ज्यांना चौकशीचा अधिकार आहे, त्यांना लगेच कळवावे.

आणि आपण उत्तर देणारे असू तर?

तर घाबरू नये. माहीत आहे ते सांगावे. माहीत नाही तिथे "मला माहीत नाही, पाहून सांगतो" म्हणावे, अंदाज ठोकू नये. कुणाला वाचवण्यासाठी किंवा अडकवण्यासाठी शब्द फिरवू नये. आणि आपल्या मुला-मुलींना आमचे कळकळीचे सांगणे आहे की न पटणारी नोंद करण्याचा तोंडी हुकूम आला, तर "साहेब, एवढे लिहून द्या," असे नम्रपणे म्हणा. लिहून मिळाले नाही, तर ती नोंद करू नका. नोकरी जाईल ही भीती खोटी नाही, घर आम्हालाही आहे. परंतु वहीत अक्षर आपले असते आणि उत्तरही शेवटी आपल्यालाच द्यावे लागते, हे व्हिन्सन बाईंच्या उदाहरणावरून दिसते.

हीच रीत आपल्या मंडळात आणि महिला बचत गटातही उपयोगी पडते. वर्षाचा हिशेब मांडला जातो तेव्हा एक तर सगळे गप्प बसतात, नाहीतर खजिनदारावर ओरडतात. दोन्हींनी हिशेब कळत नाही. पुढच्या सभेत खजिनदार ताईंच्या शेजारी बसा, पावती पुस्तक उघडा, त्यातील एक पावती निवडा आणि शांतपणे म्हणा, "ताई, या पावतीचे पैसे बँकेत कसे गेले, ते आम्हाला पहिल्यापासून दाखवा." जिचा हिशेब चोख आहे, तिला हा प्रश्न आवडेल, तिच्या कष्टाची नोंद सगळ्यांसमोर होईल. आणि कुठे घोळ असेल तर तो दहा रुपयांचा असतानाच सापडेल.