लोखंडी कठड्याचे दरपत्रक मागवताना

घाट चढून आलेला यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग लोणावळ्याजवळ औंढे गावाच्या परिसरातून जातो, आणि तेथील औंढे पुलाचे नाव मावळाबाहेरच्या वाचकांना बहुधा अपघातांच्या वार्तांमुळेच परिचित झाले आहे, ही मोठी खेदाची गोष्ट होय. सन २००२ मध्ये पूर्णत्वास गेलेल्या, सहा मार्गिकांच्या आणि सुमारे ९४.५ किलोमीटर लांबीच्या या रस्त्यावर, सपाटीच्या भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटर वेगाची मुभा आहे. आणि त्या वेगाने जाणारे वाहन चालकाच्या हातून सुटले म्हणजे ते भरावाखाली कोसळण्यापासून किंवा पुलाच्या खांबावर आदळण्यापासून वाचविणारी अखेरची वस्तू म्हणजे कडेचा लोखंडी कठडा, ज्याला आता सर्वत्र क्रॅश बॅरियर म्हणतात. या कठड्याचा कस तो उभारला जातो त्या दिवशी ठरतो असे आपण समजतो. वस्तुतः तो पुष्कळ आधी, पुरवठादाराकडे दरपत्रकाची मागणी करणाऱ्या एकपानी पत्रातच, ठरून गेलेला असतो.

त्या पत्राविषयीचा पहिला आणि सर्वांत व्यापक गैरसमज असा की, कठडा हा मीटरवर विकला जाणारा माल असून 'क्रॅश बॅरियर, इतके मीटर' एवढे लिहिले की काम भागते. परंतु काँक्रीटची भिंत, तारदोरांचा लवचिक अडथळा आणि डब्ल्यू आकाराच्या पट्टीचा कठडा या तिन्ही वस्तू त्याच एका नावाने ओळखल्या जातात, आणि त्यांतील तिसरीच अभिप्रेत असली तरी तीसुद्धा एक वस्तू नसून पट्टी, खांब, खांब व पट्टी यांमधला स्पेसर, बोल्ट आणि टोके यांचा परस्परावलंबी समुच्चय आहे. आपल्याकडील सरकारी दरसूचीत रूढ असलेला तपशील असा: पट्टी जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंचीवर, खांब १५० × ७५ × ५ मिलिमीटर मापाच्या चॅनेलचा, १.८ मीटर लांब, त्यापैकी १.१ मीटर जमिनीत. खांबांतील अंतर मध्यापासून मध्यापर्यंत २ मीटर. स्पेसर त्याच चॅनेलचा, ३३० मिलिमीटरचा. तीन लाटांची थ्राय पट्टी असेल तर उंची ८५ सेंटिमीटर, खांब २ मीटरचा आणि स्पेसर ५४६ मिलिमीटरचा होतो.

एवढा तपशील उतरवून काढला म्हणजे संदिग्धता संपली, हा दुसरा गैरसमज. आणि त्यातच खरी गोम आहे. दरसूचीतील त्याच कलमात 'आय.एस.एम.सी.' हे शब्दही असतात आणि '५ मिलिमीटर' ही जाडीही असते. वास्तविक गरम लाटून काढलेल्या आय.एस.एम.सी. १५० चॅनेलच्या उभ्या भागाची जाडी ५ मिलिमीटरहून अधिक आणि बाजूंची सुमारे ९ मिलिमीटर असते, तर ५ मिलिमीटरची प्लेट थंड स्थितीत वाकवून केलेला चॅनेल ही निराळीच चीज आहे. पहिल्याचे वजन मीटरला साडेसोळा किलोग्रॅमच्या आसपास भरते, दुसऱ्याचे साडेअकराच्या आसपास. म्हणजे एका खांबामागे सुमारे ९ किलोग्रॅमचा आणि रस्त्याच्या एका बाजूच्या एका किलोमीटरमागे, पाचशे खांब धरता, साडेचार टनांचा फरक पडला. दोन पुरवठादारांनी एकाच पत्राचे दोन अर्थ लावून दोन दर पाठविले, आणि मागविणाऱ्याने त्यांतला स्वस्त दर मंजूर केला, तर तेथे कोणी लबाडी केली असे म्हणता येत नाही; तुलना मात्र दोन भिन्न वस्तूंची झालेली असते. सबब चॅनेल लाटलेला की वाकवलेला, पोलादाची प्रत कोणती आणि नगाचे वजन किती, या तीन बाबी पत्रात लिहिल्याच पाहिजेत.

यावर कोणी म्हणेल की, मग जड खांबच घ्यावा, म्हणजे चिंता नको. ही समजूत सद्भावनेतून येते, पण ती धोक्याची आहे. या कठड्याचे कार्य वाहन अडवून थांबविण्याचे नसून, खांब कलून, पट्टी ताणली जाऊन, वाहनाचा आवेग शोषीत त्याला हळूहळू मार्गाला समांतर वळविण्याचे आहे; खांब अवाजवी ताठ झाला तर चाक त्यात अडकते आणि धक्क्याचा भार आतील माणसांवर येतो. म्हणूनच सुटे भाग किती दणकट आहेत हे न विचारता, हाच खांब, हाच स्पेसर आणि हेच अंतर ठेवून सबंध कठड्याची टक्कर-चाचणी झाली आहे काय, याचा दाखला मागावा. युरोपीय मानक ई.एन. १३१७ मधील एन-२ या पातळीसाठी १५०० किलोग्रॅमची मोटार ताशी ११० किलोमीटर वेगाने २० अंशांच्या कोनात आदळवून पाहतात, आणि त्या वेळी कठडा व वाहन मिळून मागे किती जागा व्यापतात तेही मोजतात. ती जागा १.३ मीटर असेल आणि पुलाचा खांब कठड्यामागे साठ सेंटिमीटरवर असेल, तर कठडा उत्तम असूनही व्यर्थ ठरतो. भारतीय रस्ते काँग्रेसने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेली आय.आर.सी. ११९ ही मार्गदर्शिका या निवडीसाठीच आहे आणि मागणीपत्रात तिचा उल्लेख असावा.

जस्ताच्या मुलाम्याबाबत 'चौरस मीटरला ५५० ग्रॅम' असे नुसते लिहिण्याचा प्रघात आहे. पत्र्याच्या व्यापारात हा आकडा दोन्ही पृष्ठे मिळून धरतात. आपल्याला तो प्रत्येक पृष्ठावर हवा असेल तर तसे स्पष्ट म्हणावे लागते. प्रत्येक पृष्ठावर ५५० ग्रॅम म्हणजे साधारण ७७ मायक्रॉनचा थर. दोन्ही मिळून म्हणजे त्याचा निम्मा. जेथे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो त्या लोणावळ्याच्या परिसरात हा निम्मेपणा अर्ध्या आयुष्याइतका महाग पडतो. शिवाय पट्टीची ३ मिलिमीटर जाडी ही मूळ पोलादाची की मुलाम्यासह, हेही नमूद करावे, कारण दोन्ही पृष्ठांवरचे जस्त मिळून दीड दशांश मिलिमीटर भरते. सर्व छिद्रे मुलाम्यापूर्वीच पाडलेली असावीत आणि जस्ताची तपासणी आय.एस. ६७४५ प्रमाणे व्हावी, ही अट त्याच कलमात घालावी.

नगांचा हिशेबही अनेकदा फसतो. पट्टीची लांबी ४३१८ मिलिमीटर असली तरी जोडावर ३१८ मिलिमीटर एकमेकींवर चढत असल्याने कामास येणारी लांबी ४ मीटरच. शंभर मीटरसाठी ४.३१८ ने भागाकार करून चोवीस पट्ट्या मागविणाऱ्याला जवळजवळ चार मीटरचे खिंडार उरते. पट्ट्या पंचवीस आणि खांब एक्कावन्न लागतात. बोल्ट संचासह मागवावेत.

टोकांकडे होणारे दुर्लक्ष मात्र मला सर्वांत असह्य वाटते. माशाच्या शेपटीसारखा तुकडा शोभेचा समजून तो दोन्ही टोकांना लावतात. समोरून येणाऱ्या वाहनाच्या बाजूला असे उघडे टोक मोटारीत भाल्यासारखे घुसते, आणि टोक जमिनीकडे उतरते केले तर त्यावरून वाहन वर चढून उलटू शकते. येणाऱ्या बाजूचे टोक हे चाचणी झालेले, स्वतंत्र नग म्हणून, स्वतंत्र दराने मागवावे.

उभारणीचा दर मागताना जमीन कशी आहे हे पुरवठादाराने ओळखून घ्यावे अशी अपेक्षा असते. औंढ्याच्या परिसरात एका ठिकाणी भरावाचा मुरूम, तर जवळच काळा कातळ लागतो. मुरमात यंत्राने खांब ठोकता येतो. कातळात आधी छिद्र घ्यावे लागते. ही बाब पत्रात नसेल तर कातळ लागल्यावर जादा दराची मागणी येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे १.१ मीटरऐवजी अर्ध्या मीटरवरच खांब कापून बसविला जातो. म्हणून मुरमाचा व कातळाचा दर वेगळा मागवावा, आणि खांब जागेवर कापण्यास मनाई असल्याचे लिहावे.

माल पावसाळ्यापूर्वी पोहोचणार असेल तर साठवणीची शर्तही हवी. एकात एक बसवून आडव्या रचलेल्या नव्या पट्ट्यांमध्ये पाणी साचले की जस्तावर पांढरा गंज धरतो, आणि तो पुरवठादाराचा दोष की मागविणाऱ्याचा, हा वाद आषाढात सुरू होतो. थप्पीला उतार देणे, पट्ट्यांमध्ये लाकडी फळ्या घालणे आणि माल उतरतानाच उभयपक्षी तपासणी करून सही घेणे, या तीन ओळी त्यासाठी पुरेशा आहेत.