चौकातील ‘थांबा’ची पाटी

मुलांनो, शाळेजवळच्या चौकातून जाताना तुम्हांला कधी भीती वाटली आहे का? चारही बाजूंनी वाहने येतात. आधी कोणी जायचे? सिग्नल किंवा पोलीस नसेल तेथे उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे, असा आपल्या देशात नियम आहे. पण तो सर्वच पाळत नाहीत.

मग तेथे ‘थांबा’ची पाटी लावावी का? ही पाटी लाल व अष्टकोनी असते. असा आकार दुसऱ्या कोणत्याही पाटीचा नसतो. म्हणून ती धुळीने माखली तरी ओळखता येते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ती पाळणे चालकावर बंधनकारक आहे.

परंतु आधी काही गोष्टी पाहाव्या लागतात. वाहने किती? पायी चालणारे किती? अपघात किती झाले? कोपऱ्यावरील भिंत किंवा झाड आड येते का? कधी कधी एक फांदी छाटली तरी काम भागते. गरज नसताना जागोजागी पाट्या लावल्या, तर चालक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. मग जेथे खरी गरज आहे, तेथेही ते थांबत नाहीत!

तुम्हीही शाळा सुटण्याच्या वेळी शिक्षकांसोबत कडेला उभे राहून वाहने मोजा. आकडे वहीत लिहा आणि नगरपालिकेला अर्ज द्या. नुसत्या तक्रारीपेक्षा आकड्यांना वजन असते.

आणि पाटी लागेपर्यंत? धाकट्या भावंडाचा हात धरा. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहा. मगच रस्ता ओलांडा.