पत्रकातला नगरसेवक आणि कायद्यातला नगरसेवक

जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीत दाराच्या फटीतून आत आलेली प्रचारपत्रकं मी अजून रद्दीत घातलेली नाहीत. टीव्हीखालच्या खणात गठ्ठा करून ठेवली आहेत. सगळी एका बैठकीत वाचली की पुण्याच्या दुखण्यांची यादी बिनचूक तयार होते: पाणी, कचरा, खड्डे, वाहतूककोंडी, भटकी कुत्री, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र. घोटाळा होतो तो क्रियापदांशी. 'आणणार', 'मिळवून देणार', 'सुरू करणार'. यातलं बरंच काही महापालिकेच्या सभागृहात ठरतच नाही, आणि तिथे जे खरोखर ठरतं त्याबद्दल पत्रकांत एक ओळ सापडत नाही. उमेदवार मुद्दाम फसवतात असं मी म्हणत नाही. पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या अनेकांना आपण कशासाठी उभे आहोत हे निवडून आल्यावरच कळतं.

"धरणातून प्रभागाला जादा पाणी आणणार"

हे आश्वासन जवळजवळ प्रत्येक पत्रकात होतं. पुण्याचं पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून येतं. चारही मिळून साठवणक्षमता साधारण 29 टीएमसी. पण ही धरणं महापालिकेची नाहीत, राज्याच्या जलसंपदा विभागाची आहेत. शहराला किती कोटा आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला किती आवर्तनं, याचा वाद कालवा सल्लागार समितीत होतो. त्या बैठकीत मंत्री असतात, आमदार असतात, पाटबंधारे खात्याचे अभियंते असतात. तुमच्या प्रभागातला नगरसेवक तिथे आवाज उठवायला नसतो.

मग पाण्याच्या बाबतीत त्याच्या हातात काय? खडकवासल्यावरून पाणी उचललं गेल्यानंतरचं सगळं. शुद्धीकरण, टाक्या, वाहिन्या, गळती, मीटर, आणि कुठल्या गल्लीची चावी किती वाजता फिरवायची ते वेळापत्रक. एका सोसायटीला दोन तास पाणी आणि पलीकडच्या वस्तीला पाऊण तास, हा अन्याय धरणावर होत नाही, व्हॉल्व्हवर होतो. म्हणून जादा पाण्याच्या घोषणेपेक्षा "आपल्या प्रभागातली टाकी कधी पूर्ण होणार आणि गळती मोजली का?" हा प्रश्न उमेदवाराला जास्त अडचणीत आणतो. मी एकाला विचारून पाहिला. त्याने शेजारच्या कार्यकर्त्याकडे पाहिलं, कार्यकर्त्याने माझ्याकडे, आणि आम्ही तिघांनी चहा घेतला.

मेट्रोचंही तसंच. पुण्याची मेट्रो महामेट्रोची. केंद्र आणि राज्य यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी. पीएमपीएमएल ही 2007 मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांच्या बससेवा एकत्र करून उभी राहिलेली कंपनी, तिचे दैनंदिन निर्णय सभागृहात होत नाहीत. पण तिची तूट भरून निघते ती दोन्ही महापालिकांच्या तिजोरीतून, पुण्याचा वाटा 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा 40. पैसे देणाऱ्याला विचारायचा हक्क असतो. आपल्या भागातला बसमार्ग का बंद झाला हे विचारायला सगळ्या नगरसेवकांच्या मुख्य सभेसारखी दुसरी जागा नाही. पोलीस राज्याच्या गृहखात्याचे, वीज महावितरणची. त्यावर पत्रकात कितीही लिहा.

"हा रस्ता माननीय नगरसेवकांच्या निधीतून"

गल्लीच्या तोंडाशी निळा फलक, त्यावर हसरा फोटो, खाली 'यांच्या विकासनिधीतून साकार'. एखाद्या सज्जनाने पदरमोड करून काँक्रीट ओतलं असावं, असं वाचणाऱ्याला वाटतं.

हा पैसा तुमचा-माझा असतो, अंदाजपत्रकातला. पुण्यात प्रभागातल्या छोट्या कामांची जी यादी नगरसेवक सुचवतात तिला 'स' यादी म्हणतात. नगरसेवकाच्या खात्यात एक रुपयाही जमा होत नाही. तो काम सुचवतो. त्याचं पूर्वगणनपत्रक क्षेत्रीय कार्यालयातला अभियंता करतो, निविदा प्रशासन काढतं, बिल प्रशासन देतं. त्याचं स्वतःचं उत्पन्न म्हणाल तर ते मानधन, राज्य सरकारने 2017 मध्ये वाढवून दिलेलं, तेव्हा मुंबईत महिना 25 हजार आणि पुण्यासारख्या शहरात 20 हजार. एवढ्यावर रस्ता सोडा, फलकही परवडायचा नाही.

'स' यादीची खरी तक्रार वेगळीच आहे. बाकं, कापडी पिशव्या, कमानी, दिशादर्शक फलक, चांगले ब्लॉक उखडून नवे ब्लॉक. डोळ्यांना दिसणारं आणि वर्षाच्या आत संपणारं काम या यादीत चढतं, कारण त्यावर नाव लावता येतं. सांडपाण्याच्या वाहिनीवर नाव कुठे लावणार? कायद्याने मात्र उलटाच क्रम सांगितला आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 63 मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत: पाणी, मलनिःसारण, सफाई, रस्ते, दिवे, प्राथमिक शिक्षण, स्मशानभूमी. ऐच्छिक कामं त्यानंतर, कलम 66 मध्ये. उमेदवाराचं पत्रक या दोन कलमांशेजारी ठेवून वाचावं. आमच्या गठ्ठ्यातल्या एका पत्रकात 14 आश्वासनं होती आणि त्यातली कलम 63 मध्ये बसणारी फक्त 3. उरलेली कमान, सेल्फी पॉइंट वगैरे.

आणखी एक गोष्ट पुणेकरही विसरले आहेत. 2006 पासून या महापालिकेत नागरिकांनाही अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरायचा असतो. त्याला कुणाच्या फोटोची गरज लागत नाही.

"महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्री"

न्यूयॉर्क किंवा लंडनच्या महापौराच्या बातम्या वाचून हा समज पक्का होत असावा. आपल्याकडे महापौर अडीच वर्षांसाठी, नगरसेवकांनी आपल्यातूनच निवडलेला. हे पद कुठल्या प्रवर्गासाठी राखीव हे सोडतीने ठरतं. तो मुख्य सभेचा अध्यक्ष असतो, शहराचा प्रथम नागरिक असतो, पण अंमलबजावणीचे अधिकार कायद्याने आयुक्तांकडे आहेत. आणि आयुक्ताची नेमणूक करतं राज्य सरकार.

आयुक्ताला हटवण्याची तरतूद कायद्यात आहे: एकूण सदस्यांपैकी पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव करायचा. कागदावर हे हत्यार धारदार दिसतं. ऑक्टोबर 2016 मध्ये नवी मुंबईच्या सभागृहाने तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर प्रचंड बहुमताने अविश्वास व्यक्त केला, आणि तरीही ते पुढचे काही महिने त्याच खुर्चीत होते. कलम 451 खाली राज्य सरकारला महापालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित करता येतो. 'विखंडित' हा शब्द पालिकेच्या बातम्यांत नेहमी येतो. त्याचा अर्थ एवढाच की सभागृहाने मुंबईला विचारायला हवं होतं.

पुण्यात राहत्या घराला मिळकतकरात मिळणारी 40 टक्क्यांची सवलत हे याचं घरोघरी पोचलेलं उदाहरण. महापालिकेच्या 1970 च्या ठरावावर ती चालू होती. राज्य सरकारने 2019 मध्ये तो ठराव विखंडित केला, लोकांच्या हातात वाढीव बिलं पडली, आणि 2023 मध्ये सवलत पुन्हा सुरू झाली तीही राज्य मंत्रिमंडळाच्याच निर्णयाने. करसवलत देऊ म्हणणाऱ्या उमेदवाराला या तीन सालांबद्दल अवश्य विचारावं.

मग सत्ता नेमकी कुठे असते? स्थायी समितीत. मुंबईबाहेरच्या महापालिकांत तिचे सदस्य फक्त 16. पक्षांच्या संख्याबळानुसार निवडलेले, आणि पहिल्या वर्षानंतर त्यातले निम्मे चिठ्ठ्या टाकून निवृत्त होतात. मोठ्या निविदांना मंजुरी इथे. आयुक्तांनी मांडलेलं अंदाजपत्रक फेरबदल होऊन सभागृहाकडे जातं ते इथूनच. पुण्याचं 2025-26 चं अंदाजपत्रक 12 हजार 618 कोटींचं होतं, मुंबईचं 74 हजार 427 कोटींचं. एवढ्या पैशांवर हात फिरवणारे सोळा जण कोण, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? महापौर मात्र सगळ्यांना माहीत असतो, कारण त्याची गाडी लाल-पिवळ्या फितीच्या उद्घाटनांना येते.

"आपला नगरसेवक कोण? त्या चौघांपैकी नेमका कोण?"

मुंबईत एका प्रभागात एकच. पुण्यासह राज्यातल्या बाकीच्या बहुतेक महापालिकांत बहुसदस्यीय पद्धत आहे. पुण्यात 41 प्रभाग आणि 165 नगरसेवक, म्हणजे एक सोडून सगळीकडे चौघे. मतदान केंद्रावर अ, ब, क, ड या प्रत्येक जागेसाठी वेगळं मत द्यायचं असतं. चारही मतं एकाच पक्षाला द्यावी लागतात हा समज पॅनेलच्या प्रचारातून तयार झाला. तसं बंधन नाही. चारही मतं एकाच उमेदवाराला देता येत नाहीत, हेही तितकंच खरं. राखीव जागेवर मत सगळ्यांनी द्यायचं असतं, राखीव असते ती उमेदवारी. महिलांसाठी निम्म्या जागा 2011 पासून आहेत.

निवडून आल्यावर 'हा भाग माझ्याकडे नाही' असं ऐकायला मिळतं. चौघेजण आपसांत गल्ल्या वाटून घेतात ती त्यांची सोय. कायद्याच्या दृष्टीने चौघेही अख्ख्या प्रभागाचे असतात. तुंबलेल्या चेंबरसाठी चौघांनाही फोन करायला हरकत नाही.

उमेदवाराचं शपथपत्रही वाचण्यासारखं असतं. मालमत्ता आणि गुन्ह्यांपुरतंच ते बघितलं जातं. पण स्वतः किंवा जोडीदाराने अनधिकृत बांधकाम केलं असेल तर नगरसेवकपद जाऊ शकतं, ही तरतूद फार कमी जणांना ठाऊक आहे. ज्या शहरात निम्मे फ्लेक्स अनधिकृत बांधकामांच्या भिंतींवर झळकतात, तिथे हे कलम जरा विनोदी वाटतं, हे मान्य.

"नगरसेवक नसले तरी काही अडत नाही"

हा समज नवा आहे आणि मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण तो अनुभवातून आल्यासारखा दिसतो. राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने 1993 पासून महापालिकेची मुदत पाच वर्षांची ठरवली आणि ती संपण्याआधी निवडणूक घेण्याचं बंधन घातलं. तरीही पुण्याची आणि मुंबईची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले चालू राहिले, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिल्यानंतरही मतदानाला 15 जानेवारी 2026 उजाडलं. जवळजवळ चार वर्षं.

त्या काळात कचरा उचलला जात होता, नळाला पाणी येत होतं. "बघा, चाललंय की," असं माझा एक निवृत्त मित्र रोज सकाळी फिरताना म्हणायचा. चालत होतं, ते खरं. पण आयुक्त हेच प्रशासक असल्यामुळे अंदाजपत्रक तयार करणारे तेच, स्थायी समिती म्हणून ते तपासणारे तेच, आणि सभागृह म्हणून मंजूर करणारेही तेच. एकाच अधिकाऱ्याने तीन खुर्च्यांवर आळीपाळीने बसायचं आणि दर वेळी स्वतःशी सहमत व्हायचं. या चार वर्षांत मित्राच्या गल्लीतला बसथांबा हलला. तो का हलला हे विचारायला तो क्षेत्रीय कार्यालयात गेला, तेव्हा त्याला सांगण्यात आलं की विषय मुख्य सभेत मांडावा लागेल.

सभा तर भरतच नव्हती.