दहा वाजेपर्यंतचं मेंडोलिन

२०२५ साली रामलीला आणि दुर्गापूजेसाठी दिल्लीत ध्वनिक्षेपकांना रात्री बारापर्यंत मुभा मिळाली, २२ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर. बरोबर की चूक, यावर घरोघरी बोलून झालं आहे. ती बातमी वाचल्यावर मी आधी कालनिर्णय उघडलं. कोजागिरी त्या वर्षी ६ ऑक्टोबरला, सोमवारी होती. सवलत संपून तीन दिवस झालेले असणार होते. ज्या सणाचा जीवच मध्यरात्रीत आहे, त्याला नेहमीची रात्री दहाची वेळ पाळावी लागणार होती. आणि नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राममधल्या मराठी मंडळींचा तर या सवलतीशी संबंधच नव्हता, ती दिल्लीपुरती.

मला हे मान्य आहे. माझी अडचण वेगळी आहे. मी मेंडोलिन वाजवते, लाकडी, पोकळ, आठ तारांचं. पूर्व दिल्लीतल्या आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर कोजागिरीला साठ-सत्तर माणसं जमतात. सतरंज्या, मागे ज्येष्ठांसाठी खुर्च्या, कोपऱ्यात दुधाचं पातेलं. मेंडोलिनचा आवाज पहिल्या दोन सतरंज्यांपलीकडे जात नाही. म्हणून त्याच्या आदल्या वर्षी भाड्याने आणलेल्या साउंडच्या मिक्सरला वायर जोडली आणि वाजवलं. आवाज शेवटपर्यंत पोचला. कार्यक्रम संपल्यावर शेवटच्या रांगेतले काका जवळ आले आणि म्हणाले, "अगं, परवा दुपारी तुझ्या घरी ऐकलं ते वाद्य कुठे गेलं?"

त्यांचं खरं होतं. आवाज मोठा होता, पण पत्र्याचा होता. खर्जाची तार जणू नव्हतीच.

वर्षभर मी त्या प्रश्नाच्या मागे होते. दर्यागंजच्या वाद्यांच्या दुकानांत अँप्लिफायर, म्हणजे अँप, बघायला गेले, तर तो ऐकवायला गिटार पुढे करतात आणि पहिला प्रश्न एकच, किती वॉटचा हवा? उत्तर मिळालं ते लाल किल्ल्यासमोरच्या लजपत राय मार्केटमध्ये, वरच्या मजल्यावर अँप दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे. हातातली सोल्डरिंग गन खाली न ठेवता त्याने विचारलं, "दीदी, पहले ये बताइए, तार में भेज क्या रही हैं?"

या प्रश्नाला मी या लेखात सगळ्यात जास्त जागा देणार आहे, कारण अँप निवडताना तो कोणी विचारतच नाही.

माझ्या मेंडोलिनच्या घोडीखाली पिझो पिकअप आहे. दाब पडला की वीज तयार करणारी ती एक चकती. विजेच्या हिशेबाने ती एक अगदी लहान कपॅसिटर असते, साधारण १ नॅनोफॅरडच्या आसपास. तिच्यापुढे जी इनपुट असते, तिचा अवरोध कमी असेल तर खालचे सूर त्या जोडणीतच गळतात. किती? मिक्सरच्या लाइन इनपुटचा अवरोध २० हजार ओहम धरा. गणित केलं तर सुमारे ८००० हर्ट्झच्या खालचं सगळं दाबलं जातं, आणि सूर जितका खालचा तितका जास्त. मेंडोलिनच्या मोकळ्या तारा १९६, २९४, ४४० आणि ६५९ हर्ट्झच्या. म्हणजे चारही जोड्या त्या उतारावर, आणि १९६ची खर्जाची जोडी सर्वांत तळाशी. उरतो तो प्लेक्ट्रमचा खरखराट. हाच माझा पत्रा.

आता तीच वायर १० लाख ओहमच्या, म्हणजे १ मेगओहमच्या इनपुटला लावा. उताराची सुरुवात ८००० वरून १६० हर्ट्झवर येते. खर्ज परत येतो, थोडा दबका. आणि १ कोटी ओहमला लावा, तर पिझोकडून जे निघालं ते जवळजवळ सगळं पोचतं. गिटारसाठीचे जॅक साधारण १ मेगओहमचे असतात. एल. आर. बॅग्जचा पॅरा डीआय हा नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअँप १० मेगओहमचा आहे. कारागिराने स्वतः जोडलेली तशीच एक छोटी डबी मध्ये लावली आणि माझंच मेंडोलिन त्याच्या टेबलावरच्या जुनाट स्पीकरमधून वाजवायला लावलं. पहिल्या खर्जाच्या सुराला मी थांबले. लाकूड ऐकू येत होतं.

तरीही पिझो पूर्ण समाधान देत नाही, आणि याचं कारण आपल्या कानांत आहे. मराठी आणि हिंदी श्रोत्याच्या मनातलं मेंडोलिन स्टुडिओतलं आहे. सज्जाद हुसेन यांचं, किंवा संगीतकार होण्याआधी मेंडोलिन वाजवणाऱ्या लक्ष्मीकांत कुडाळकरांचं. मुंबईच्या रेडिओ क्लबमध्ये त्या पोराचं मेंडोलिन ऐकून लता मंगेशकरांचं त्याच्याकडे लक्ष गेलं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्या ध्वनिमुद्रणांत माइक वाद्यासमोर हवेत असायचा. त्याला लाकूड, पोकळी आणि खोलीही ऐकू यायची. पिझोला फक्त घोडी ऐकू येते. यू. श्रीनिवास यांनी याच्या उलट वाट धरली. इलेक्ट्रिक मेंडोलिन घेतलं, जोडतारांऐवजी पाच सुट्या तारा लावल्या आणि कर्नाटक संगीतातली गमकं त्यातून काढली. तो स्वतंत्र आवाज होता, अस्सल होता. पण काकांना हवा आहे तो दुपारचा लाकडी आवाज.

मग वाद्याला चिमट्याने बसवायचा छोटा कंडेन्सर माइक का नको? घरात तो सर्वांत गोड. पण त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, जी अनेक छोट्या अँपमध्ये नसते, आणि उघड्या जागी स्पीकर जवळ असेल तर तो शिट्टी मारतो. मी पिझोवर राहिले.

आता अँप. दिवाळीच्या जाहिरातींत चाकांचे, दिव्यांचे ब्लूटूथ स्पीकर दिसतात. गाण्याच्या भेंड्यांसाठी ते उत्तम. पण त्यांचा जॅक माइकसाठी असतो, त्याचा अवरोध पिझोला पुरत नाही, आणि बासच्या धमाक्यात मेंडोलिन बुडतं. इलेक्ट्रिक गिटारचा अँपही नको. त्याचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झनंतर गळतो. मेंडोलिनची चमक त्याच्याही वर असते. ट्वीटर हवा, किंवा अकूस्टिक वाद्यासाठीच बनवलेला स्पीकर. रोलंडचा मायक्रो क्यूब सहा पेन्सिल सेलवर चालतो, पिशवीत मावतो, पण ३ वॉटचा. रियाझाला ठेवा. जोडतारांवर प्लेक्ट्रम आदळतो तेव्हा क्षणभर आवाजाचं टोक फार उंच जातं, आणि तिथे तो फाटतो.

माझी पसंती सांगते. गाडी असेल तर फिशमनचा लाउडबॉक्स मिनी चार्ज. ६० वॉट, साडेसहा इंची स्पीकर, वेगळा ट्वीटर, आत बॅटरी, फीडबॅक मारायला फेजचं बटण. वजन साडेनऊ किलोच्या आसपास. मेट्रोने जायचं असेल तर रोलंडचा एसी ३३. पाच इंची दोन स्पीकर, विजेवर ३० वॉट, आठ पेन्सिल सेलवर थोडे कमी, वजन पाच किलोच्या आत. एका खांद्यावर वाद्य आणि दुसऱ्यावर अँप घेऊन राजीव चौकाच्या जिन्यात उभं राहिल्यावर जवळजवळ पाच किलोंचा फरक कळतो. मी मेट्रोने जाते.

वॉटबद्दल एवढंच. दुप्पट वॉट म्हणजे फक्त ३ डेसिबल जास्त. उघड्यावर मात्र अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. एका मीटरवरून आठ मीटरवर गेलात की १८ गेले, आणि ते वॉटने भरून काढायचे तर साठपटींहून अधिक ताकद लागेल. उलट, शेवटच्या रांगेचं अंतर निम्मं केलं, तर चौपट वॉटचं काम फुकट होतं. म्हणून त्या वर्षी आम्ही लांबट बैठक मोडून अर्धगोल करायचं ठरवलं. अँप जमिनीवर ठेवायचा नाही, नाहीतर ट्वीटरचा आवाज पहिल्या रांगेच्या गुडघ्यांवर आपटतो. खुर्चीवर, थोडा मागे झुकवून, वाद्याच्या एका अंगाला, म्हणजे मेंडोलिनच्या पोटात त्याचा आवाज शिरून घुमणार नाही.

नियमाशीही हे जुळतं. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. एका मीटरवर ७९ ठेवलं, तर सोळा मीटरवर ५५ उरतात. शेजारच्या टॉवरमधलं तान्हं बाळ झोपू शकेल. २०१०च्या दुरुस्तीनंतर रात्रीचा नियम नुसत्या भोंग्यांना नाही, वाद्यांनाही लागू आहे. सभागृहासारख्या बंद जागेला सूट आहे. तेव्हा दहाला मेंडोलिन उघड्यावरून उचलायचं. दूध आणि चंद्र बाहेर, वाजवणं कम्युनिटी हॉलमध्ये. तिथे अँपची गरजच नाही, चाळीस माणसं जवळजवळ बसली की मोकळं वाद्य पुरतं.

विकत घेण्याआधी एक चाचणी करा, दुकानदार कुरकुरला तरी. स्वतःचं वाद्य न्या. आधी काही न जोडता खर्जाच्या तारेवर एक ओळ वाजवा. मग तीच ओळ अँपमधून, सगळी बटणं मधोमध ठेवून. मग वाद्य सोबतच्या कोणाच्या तरी हातात द्या आणि दुकानाच्या बाहेर, फुटपाथपर्यंत चालत जा. वाजवणाऱ्याच्या कानाशी अँप नेहमीच बरा वाटतो.

कोजागिरीआधी एका संध्याकाळी हिरवळीवर मी मोजायची टेप घेऊन गेले. काका त्याही वर्षी मागच्याच रांगेत बसणार होते, त्यांना खुर्ची लागते. त्यांची खुर्ची अँपपासून साडेसात मीटरवर येत होती. माळ्याच्या मुलाला तिथे बसवलं आणि खर्जाची तार छेडली. त्याने मान हलवली, मग उठून दोन पावलं मागे गेला आणि म्हणाला, आणखी एकदा वाजवा.