‘विमा सखी’ : एक संज्ञा व तिचा व्यवहार

विमाव्यवसायात स्त्रियांस स्थान द्यावयाचे म्हणजे नेमके कोणते, हा प्रश्न संज्ञेपासूनच उपस्थित होतो. १९५६ साली स्थापन झालेल्या भारतीय आयुर्विमा महामंडळाने ९ डिसेंबर २०२४ रोजी सुरू केलेल्या योजनेत दहावी उत्तीर्ण स्त्री ‘विमा सखी’ होऊ शकते. पुरुष मात्र ‘प्रतिनिधी’च राहतो; त्यास ‘विमा सखा’ कोणी म्हटलेले नाही.

‘सखी’ या शब्दात जिव्हाळा आहे, नोकरी नाही. पहिल्या वर्षी दरमहा ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० व तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये मिळतात, ते विद्यावेतन होय. दुसऱ्या वर्षीच्या विद्यावेतनासाठी आदल्या वर्षीच्या विमापत्रांपैकी किमान ६५ टक्के चालू असावी लागतात. मालवण किनाऱ्यावरील आचऱ्यासारख्या गावी ही अट जाचक ठरू शकते. पावसाळी मासेमारीबंदीत यांत्रिक नौका किनाऱ्यास लागतात, घरातील रोकड आटते. आणि मासिक हप्त्यास सवलतीची मुदत अवघी १५ दिवसांची. हप्ता चुकतो मच्छीमार कुटुंबाचा. झळ सखीसही लागते.

तथापि तिचे काम परक्यास सहज साधणारे नव्हे. ‘नामनिर्देशित’ म्हणजेच ‘वारस’, असा समज रूढ आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली या दोहोंत भेद केला. २०१५ च्या दुरुस्तीने मात्र आईवडील, पतिपत्नी वा अपत्ये नामनिर्देशित असल्यास त्यांस रकमेवर लाभाचाही हक्क दिला. हे सारे घरातील बाईस उमगावयाचे ते मालवणीतून, ‘घोव’ आणि ‘झील’ या शब्दांनीच. विद्यावेतनाच्या हिशेबात मात्र मोजली जातात ती विमापत्रे.