आजारी मूल आणि रुग्णालय – भाग ४ : ‘शहाणं’ मूल

आईबाबांपासून दूर राहावं लागलेलं एक ते चार वर्षांचं मूल रुग्णालयात तीन टप्प्यांतून जातं. आधी ते आक्रोश करतं, दाराकडे डोळे लावून बसतं, सिस्टरचा हात झटकतं. मग रडं आटतं; मूल मिटून पडतं आणि समोरच्या खेळण्याकडेही बघत नाही. तिसऱ्या टप्प्यात ते पुन्हा खातं-पितं, हसतं, पण आई आली तरी तिच्याकडे झेप घेत नाही. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधले जेम्स रॉबर्टसन यांनी मुलांच्या वॉर्डात बसून हे टिपलं. वॉर्डाला यातला पहिला टप्पा त्रासाचा वाटतो आणि पुढचे दोन सोयीचे. ‘किती शहाणं आहे, अजिबात रडत नाही’ हे कौतुक बहुतेक वेळा दुसऱ्या टप्प्यावरच्या मुलाचं होतं.

रॉबर्टसन यांचं म्हणणं डॉक्टरांना पटेना. तेव्हा त्यांनी १९५२ साली एक चित्रफीत केली. तिच्यात आहे अडीच वर्षांची लॉरा, बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात ठेवलेली. सोयीचे तेवढेच प्रसंग निवडले असा आक्षेप येऊ नये म्हणून रोज ठरलेल्या वेळी चित्रण केलं. लॉरा फारशी आरडाओरड करत नाही, आणि म्हणूनच ती फीत बघवत नाही. खेळता खेळता मधेच ती हळूच आईबद्दल विचारते आणि पुन्हा ओठ घट्ट मिटते. त्या काळी ब्रिटनमध्ये पालकांच्या भेटीवर कडक बंधनं होती. १९५९ च्या प्लॅट समितीने पालकांना केव्हाही भेटू द्यावं, लहान मुलांच्या आईला सोबत राहू द्यावं, अशी शिफारस केली.

आपल्याकडच्या सरकारी वॉर्डाचं दुखणं वेगळं. इथे आईला कुणी बाहेर काढत नाही. उलट तिच्यावाचून वॉर्डाचं पान हलत नाही. भोपाळचंच बघा. इथल्या हबीबगंज स्थानकाचं नाव नोव्हेंबर २०२१ मध्ये राणी कमलापती झालं, तरी रिक्षावाल्याला सांगताना अजून हबीबगंजच तोंडात येतं. जवळच साकेत नगरात २०१२ साली सुरू झालेलं एम्स आहे. इटारसी-बैतूलकडून येणारी कुटुंबं या स्थानकावर उतरतात, कडेवर मूल आणि खांद्याला रिपोर्टांची पिशवी घेऊन. कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात पुढचं चित्र सारखंच असतं: अटेंडंटचा पास एकच, बाप रोजंदारी बुडू नये म्हणून गावी परतलेला. मग आयुष्मान कार्डाची पडताळणी, औषधाच्या खिडकीवरची रांग, लॅबमध्ये नमुना पोचवणं, रक्तपेढीची धावपळ हे सगळं एकट्या आईवर येतं. मुलाला सुई टोचली जाते तेव्हा ती नेमकी कुठल्या तरी काउंटरवर उभी असते. नियमाने नसली तरी कामाने ती दूर गेलेलीच असते.

म्हणून शक्य तिथे दोन माणसं हवीत: एक खाटेचं, दुसरं खिडकीचं. खाटेच्या माणसाने रांगेत जाऊ नये. मावशी, आजोबा, शेजारी, कुणीही रांगेत उभं राहू शकतं. मुलाजवळ मात्र रोज तोच ओळखीचा चेहरा लागतो. दुसरं कुणी नसेल, तर काउंटरवर जाण्याआधी ‘आज सुई किंवा ड्रेसिंग आहे का, किती वाजता?’ एवढं सिस्टरला विचारून घ्यावं.

मूल झोपलंय तोवर सटकणं सगळ्यात वाईट. जागं झाल्यावर आई नाहीशी झालेली दिसली, की त्याला झोपेचीच भीती बसते. सांगून जावं, थोडं रडू द्यावं. त्या वयाला घड्याळ कळत नाही. ‘खिचडीची गाडी आली की मी येते’ हे कळतं. आणि मग खिचडीच्या गाडीबरोबर यावंच. मधल्या वेळात आईची वापरलेली ओढणी उशाशी चालेल का, हे सिस्टरला विचारावं.

सुईबद्दल खोटं बोलू नये. ‘काही नाही होणार’ हे पहिल्या टोचणीतच खोटं ठरतं आणि पुढच्या दहा टोचण्या अवघड करून ठेवतं. ‘टुच्चकन दुखेल, मग पट्टी लावू, मी धरून बसते’ एवढं पुरतं. हे अगदी काही क्षण आधी सांगावं. शक्य असेल तर मुलाला आडवं दाबून धरण्याऐवजी मांडीवर, छातीशी छाती लावून बसवावं. त्याचे पाय आईच्या कमरेभोवती आणि टोचायचा हात बाजूला, सिस्टरच्या हाती. तान्हं बाळ टोचताना अंगावर पीत असेल तर कमी रडतं. कातडी बधिर करणारं मलम साधारण तासभर आधी लावावं लागतं, म्हणून त्याबद्दल आधीच विचारावं. ‘रडलास तर डॉक्टर सुई देतील’ ही धमकी तर घरातूनच हद्दपार व्हायला हवी. तीन-चार वर्षांच्या मुलांना आजार ही शिक्षाच वाटत असते. ‘आइस्क्रीम खाल्लं म्हणून झालं’ असं ती मनाशी धरून बसतात. तसं काही नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

भोपाळच्या मराठी घरातल्या मुलाची आणखी एक अडचण असते. वॉर्ड हिंदीत बोलतो, आणि मुलाला ‘बाऊ’, ‘शू’, ‘मम्मं’ एवढंच येतं. रात्रीच्या पाळीच्या सिस्टरला ‘बाऊ’ म्हणजे दुखतंय हे कसं कळावं? अशा आठ-दहा शब्दांचा कागद, त्यांच्या हिंदी अर्थासह आणि मुलाच्या लाडक्या नावासह, फाईलला टाचला तर त्याचा खरोखर उपयोग होतो.

जवळ असण्याचं मोल नवजात बाळांच्या बाबतीत मोजलंही गेलं आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या चाचणीत १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवलं गेलं. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू त्यांच्यात १२ टक्के होते. बाळ स्थिर झाल्यावर ही काळजी सुरू केलेल्या गटात १५.७ टक्के. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय या चाचणीत होतं. त्याआधी, २०१७ मध्येच, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नवजात कक्षांत कुटुंबाला सहभागी करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. बाळ काचेआड असेल तर आत येऊन त्याला हात लावता येईल का, हे विचारायला आईबापांनी कचरू नये. ती मेहरबानी नाही.

घरी परतल्यावर मूल आठवडेच्या आठवडे बदललेलं असतं. गादी ओली करतं, अंगठा चोखतं, आई संडासात गेली तरी दाराशी उभं राहून रडतं. रॉबर्टसन यांच्या तिसऱ्या टप्प्याचा बर्फ असाच वितळतो, आणि रडण्यातून वितळतो. त्याला ‘लाडावलंय’ म्हणू नये. बरीच मुलं बाहुलीला झोपवून पेनाची सुई टोचतात, तिला दरडावतात, मग पट्टी लावतात. हा खेळ दिवसातून वीसदा चालला तरी चालू द्यावा, आणि मुलाने सांगितलं तर बाहुलीचा हात आपण धरावा.