कडा, कल आणि रेघ

उंच जागा म्हणजे खालून वर उचलली गेलेली जमीन, ही समजूत सह्याद्री पाहिला की टिकत नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यात लाव्हाचे थर जवळजवळ आडवे पडून आहेत. त्यांना कुठे वळी नाही, मुरड नाही. घाट चढून देशावर आलं की डोंगराची दुसरी बाजू उतरावीच लागत नाही. पठार पूर्वेकडे सावकाश कलत जातं. गोदावरी आणि कृष्णा अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरच्या आत उगम पावतात आणि त्याच्याकडे पाठ करून थेट बंगालच्या उपसागराला मिळतात. या गोष्टी एकत्र ठेवल्या की उलगडा होतो. आपण ज्याला पर्वत म्हणतो ती एका तुटलेल्या भूखंडाची कड आहे.

भूपट्टांनी, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांनी, घडवलेली भूरूपं ओळखताना उंचीवर विसंबू नये. थरांचा कल बघावा, खुणा एका रेघेत येतात का ते बघावं, आणि जिथे असायला नको तिथे काय सापडतं ते बघावं. माझ्या मते नकाशातल्या रंगांपेक्षा या तीन गोष्टी जास्त खरं सांगतात.

कल आधी. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. त्यानंतर थोड्याच काळात, भूशास्त्राच्या हिशेबाने थोड्या, सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला आणि मधे अरबी समुद्राचा तळ तयार होऊ लागला. मूळ कडा आजच्यापेक्षा बराच पश्चिमेला असावा आणि पावसाने, ओढ्यांनी तो झिजवत मागे आणला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. फाटलेल्या काठाची निशाणी मात्र कोकणात जागेवरच आहे. घाटमाथ्यावर आडवे असलेले थर मुंबई-पनवेलच्या पट्ट्यात समुद्राकडे झुकतात. भूशास्त्रज्ञ या वाकलेल्या पट्ट्याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. रेघही इथेच दिसते. वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, मग आरवली, तुरळ, राजापूर ही गरम पाण्याची कुंडं नकाशावर मांडा. ती साधारण उत्तर-दक्षिण एका पट्ट्यात येतात. या कुंडांवर यात्रा भरतात, देवळं उभी राहतात; खडकातल्या खोल भेगांतून खाली जाऊन तापलेलं पाणी तिथे वर येतं. कोकणात जागृत ज्वालामुखी नाही, तरीही पाणी तापतं, याचं कारण त्या भेगांत आहे.

तुटलेल्या काठाची दुसरी बाजू पाण्याखाली आहे. अरबी समुद्रात कार्ल्सबर्ग पर्वतरांग नावाची डोंगररांग तळाशी पसरली आहे आणि तिच्या माथ्यावर आजही नवा समुद्रतळ जन्माला येतो. १९६२ साली तिथे मोजलेल्या चुंबकीय पट्ट्यांवरून फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये समुद्रतळ पसरतो याचा पुरावा मांडला. भूपट्टांच्या सिद्धांताचा हा एक भक्कम खांब आपल्याच समुद्रातून उभा राहिला, याचा मला फार आनंद वाटतो.

भूपट्टांची टक्कर ओळखायला देव्हाऱ्यात डोकावावं. काळा, गुळगुळीत, आत चक्र असलेला शाळिग्राम नेपाळच्या काळी गंडकीतून येतो. तो अमोनाइट या समुद्री प्राण्याचा अवशेष असतो, आणि तो प्राणी जुरासिक काळात टेथिस समुद्रात राहत होता. समुद्राचा जीव हिमालयाच्या नदीत सापडतो. जिथे असायला नको ते सापडणं, ते हे. एव्हरेस्टच्या माथ्यावरही समुद्री जीवांचे तुकडे असलेला चुनखडक आहे. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूपट्ट आशियाला भिडला. मधला समुद्र मिटला आणि त्याचा गाळ वळ्या पडत वर गेला. लडाखमध्ये सिंधूच्या काठाने जुन्या समुद्रतळाचे खडक आजही दिसतात.

जमीन आपल्या डोळ्यांदेखतही घडते. १६ जून १८१९ रोजी कच्छच्या भूकंपात रणाच्या उत्तर भागात सुमारे ८० किलोमीटर लांबीचा, काही मीटर उंचीचा उंचवटा वर आला. सिंधूचा एक पूर्वेकडचा प्रवाह त्याने अडवला, सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला. लोकांनी त्याला अल्लाबंद म्हटलं, कारण हा बांध कुणा माणसाने घातलेला नव्हता. २००४च्या डिसेंबरमधल्या भूकंपात अंदमान-निकोबारलाही असंच झालं. उत्तरेकडे प्रवाळाचे खडक पाण्याबाहेर आले, तर दक्षिणेला इंदिरा पॉइंटच्या दीपगृहाचा पायथा समुद्रात गेला. तिथली रचना पाठ्यपुस्तकात दाखवावी अशी आहे: पश्चिमेला खंदक, मधे बेटांची माळ, पूर्वेला बॅरन बेटाचा ज्वालामुखी. एक भूपट्ट दुसऱ्याखाली जात असला की हे तिन्ही याच क्रमाने येतात.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला यातलं काहीच सापडत नाही. सरोवराची कड गोल आहे, कडेचे थर सगळीकडून बाहेरच्या बाजूला झुकलेले आहेत, रेघ कुठेच नाही. आणि खडकात काचेसारखा वितळलेला माल आहे. तो उल्केच्या आघाताचा. भूपट्टांचा तिथे संबंध नाही.

लोणारच्या उत्तरेला, त्याच बुलढाण्यातून अकोला-अमरावतीकडे पसरलेल्या पूर्णेच्या खोऱ्यात मात्र रेघ ठळक आहे. नर्मदा-तापीच्या खचदऱ्यांच्या पट्ट्यातलाच हा भाग. उत्तरेकडची सातपुड्याची बाजू वर राहिली, दक्षिणेकडचा बेसाल्ट खाली खचला आणि खचलेल्या जागेत नदीने शेकडो मीटर गाळ भरला. तोच आजचा खारपाणपट्टा. तिथली विहीर खारट लागते, पिकांना ते पाणी मानवत नाही, म्हणून शेतकरी पावसाकडे डोळे लावून बसतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला निघा. सपाट काळी जमीन संपते आणि लगेच घाट लागतो. ती सरळ भिंत म्हणजे गाविलगडचा भ्रंश, खडक तुटून सरकल्याची रेघ, आणि खालचा गाळ तिच्या पायथ्याशीच थांबलेला दिसतो.